श्वानाच्या पाठीवरील औषधाचा थेंब

पावसाळा लागला कीं घरच्या कुत्र्याच्या कानांमागें गोचिडी व केंसांत पिसवा दिसूं लागतात. हा उपद्रव केवळ खाजेपुरता नसतो. तपकिरी गोचिडीच्या दंशानें एर्लिकिया व बबेसिया हे रोगजंतू कुत्र्याच्या रक्तांत शिरतात. ताप व पांडुता हीं लक्षणें उद्भवतात, आणि हयगय झाल्यास प्राणहि जातो.

यावर मानेवर थेंब सोडण्याचीं औषधें आतां पुष्कळ घरांतून वापरलीं जातात. त्यांपैकीं फिप्रोनिल हें द्रव्य १९९० नंतरच्या दशकांत प्रचारांत आलें. तें त्वचेवरील तेलाबरोबर अंगभर पसरतें, तैलग्रंथींत सांठतें व सुमारें महिनाभर हळूहळू पाझरत राहतें. म्हणून दोन खांद्यांच्या मध्यें, जेथें कुत्र्याची जीभ पोंचत नाहीं तेथें, केंस बाजूस सारून थेंब कातडीवरच सोडावा. नुसत्या केंसांवर ओतणें म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आधीं व नंतर दोन दिवस स्नान घालूं नये.

येथवर सारें सोपें आहे. जपावयाचें तें पुढें. या औषधाची मात्रा वजनावर ठरते. थोरल्या कुत्र्याची नळी उरली म्हणून मांजरास लावणें ही काटकसर प्राणघातक होय. कुत्र्यांच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असतें. कुत्र्याचें यकृत त्याचा निचरा करतें. मांजराच्या यकृतास तें साधत नाहीं. अंग थरथरून, झटके येऊन मांजर दगावतें. औषध लावलेल्या कुत्र्यास चाटल्यानें वा त्याच्या कुशींत निजल्यानेंहि हा प्रसंग ओढवतो. असें घडल्यास मांजरास कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें धुवून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें. सशांस फिप्रोनिल वर्ज्य आहे. मुलांनींहि जागा वाळेपर्यंत तेथें हात लावूं नये.

शिवाय अर्धा शत्रु घरांतच दडलेला असतो. पिसवांचीं अंडीं गळून सतरंजींत व फटींत वाढतात. एक गोचीड भिंतीच्या भेगेंत हजारों अंडीं घालते. यास्तव अंथरुणें कढत पाण्यांत धुवावीं, केर रोज काढावा, भेगा बुजवाव्या.

थेंब लहान असला तरी तो विषाचाच आहे. मात्रा आणि पात्र हीं दोन्ही पाहूनच तो वापरावा, व घरांत मांजर असल्यास तें पशुवैद्यास आधींच सांगावें.