‘देशमुख’ आडनावाची व्युत्पत्ती व अर्थ : मुळशी परिसराच्या संदर्भात

आडनाव हे कुळाचे निदर्शक असते, असे सामान्यतः मानले जाते. परंतु काही आडनावे मुळात कुळाची नसून पदाची असतात. इंग्रजीतील ‘स्टुअर्ट’ हे त्याचे परिचित उदाहरण होय. घराचा कारभारी या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून ते आले. स्कॉटलंडमधील वंशपरंपरागत कारभारी घराणे पुढे राजपदी पोहोचले, तरी पदाचे नाव टिकून राहिले. मराठीतील ‘देशमुख’ हे आडनाव याच वर्गात मोडते.

‘देश’ म्हणजे येथे परगणा आणि ‘मुख’ म्हणजे प्रमुख. गावपातळीवर पाटील व कुलकर्णी, तर परगण्याच्या पातळीवर देशमुख व देशपांडे अशी वतनदारांची रचना होती. महसुलाची वसुली व परगण्याचा बंदोबस्त देशमुखाकडे, तर हिशेब देशपांड्याकडे असे. त्याबद्दल त्यांना इनाम जमीन व वसुलीतील हक्क मिळत.

बारा मावळांतील पौड खोरे व मुठे खोरे यांचा संबंध आजच्या मुळशी तालुक्याशी येतो. पौड खोऱ्याची देशमुखी ढमाले घराण्याकडे, तर मुठे खोऱ्याची मारणे घराण्याकडे होती. येथे मूळ आडनाव लोपले नाही. ‘ढमाले देशमुख’, ‘मारणे देशमुख’ असे पद त्यास जोडले गेले. अन्यत्र पदानेच आडनावाची जागा घेतली. लोकहितवादी गोपाळ हरि देशमुख यांचे मूळ आडनाव सिधये होते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘देशमुख’ आडनावावरून जात वा परस्पर नाते ठरविता येत नाही. लोकहितवादी चित्पावन ब्राह्मण होते, तर रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख चांद्रसेनीय कायस्थ प्रभू होते. दोन, केवळ ढमाले वा मारणे असे आडनाव लावणाऱ्या घरात देशमुखी नव्हतीच, असेही म्हणता येत नाही. म्हणून स्थानिक इतिहासाची साधने जमविताना विद्यार्थ्यांनी मूळ आडनाव, वतनाचे पद आणि वतनाचा प्रदेश यांची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक ठरते.

मुंबई राज्याच्या 1950 च्या परगणा व कुलकर्णी वतन निर्मूलन कायद्याने ही वतने संपुष्टात आली. अधिकार गेला, नाव मात्र उरले. त्यानंतर जन्मलेल्या पिढ्या आपल्या हयातीत अस्तित्वातच नसलेल्या पदाचे नाव लावीत आहेत.