कोळ्याचा जमाखर्च

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाहीं. बालाघाटच्या पठारावरील या जिल्ह्यापासून कोंकणचा किनारा सरळ रेषेनें मोजला तरी सुमारें ३०० किलोमीटर दूर आहे. तरीहि तेथील आठवड्याच्या बाजारांत सुकट आणि सुके बोंबील विकावयास येतात, आणि ज्वारीच्या भाकरीबरोबर ही सुकी मासळी आवडीनें खाल्ली जाते. पाटीवरच्या त्या मासळीचा भाव गिऱ्हाईक घासाघीस करून ठरवितें. पण ती धरणाऱ्या कोळ्याची वही कोणी उघडून पाहत नाहीं. उघडलीच, तर तीत खर्चाचें पान आधींच भरलेलें आणि जमेचें पान कोरें असें दिसेल.

होडी किनाऱ्यावरून सुटण्यापूर्वींच पैसा सुटूं लागतो. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती, खलाशांचा शिधा हीं सर्व रोखीचीं कामें. रत्नागिरीकडील कित्येक नौकांवर नेपाळांतून आलेले खलाशी असतात. हंगामभर ते टिकून राहावेत म्हणून त्यांना आगाऊ रक्कम द्यावी लागते. इतकें भांडवल फार थोड्यांच्या घरीं असतें. बाकीचे मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतात, आणि त्या पैशाबरोबर माल त्यालाच घालण्याची अटहि पदरीं घेतात. म्हणजे मासा समुद्रांत असतांनाच त्याचा धनी ठरलेला असतो.

कर्जाचें हें जोखड धाराशिवच्या शेतकऱ्यालाहि अपरिचित नाहीं. पण भाव पडला तर ज्वारी पेवांत घालून थांबण्याची सोय त्याच्या वाडवडिलांना होती. पापलेटाला पेव नाहीं. मुंबईचा ससून डॉक १८७५ सालीं बांधला गेला. तेथें पहांटे लिलाव सुरू झाला कीं विकणाऱ्याच्या पाटींतील बर्फ वितळत असतो आणि घेणाऱ्याला कसलीहि घाई नसते. अशा सौद्यांत भाव कोणाच्या बाजूनें झुकणार, हें सांगावयास अर्थशास्त्राची गरज नाहीं.

पूर्वींचा व्यवसाय याहून गरीब होता, पण त्याचा हिशेब सोपा होता. उत्तर कोंकणांत आजहि डोल जाळें वापरतात. ही एक लांबलचक पिशवी; ती समुद्रांत प्रवाहाच्या तोंडाशीं पक्की बांधून ठेवावयाची. भरती-ओहोटीचें पाणी तिच्यांतून वाहतें आणि बोंबील, जवळा, करंदी आंत अडकतात. मासळीच्या मागें इंजिन पळवावें लागत नाहीं. उधाणाला मिळकत, भांगाला विसांवा. या जाळ्याची आस बारीक असते आणि पिल्लें त्यांतहि सांपडतात, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्याची भूक बेताची होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तळ खरवडीत जाणारीं ट्रॉल जाळीं आणि पुढें संबंध थवाच वेढून घेणारें पर्ससीन जाळें आल्यावर ती भूक वाढली. मोठी नौका, मोठें कर्ज. मोठें कर्ज, म्हणून मासळी असो वा नसो, फेरी चुकवितां येत नाहीं.

कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणें २०१८ सालीं महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ सालीं हा आंकडा २.०१ लाख टनांवर आला. गेल्या ४५ वर्षांतील तो नीचांक होता. त्या वर्षीं ‘क्यार’ आणि ‘महा’ या चक्रीवादळांनीं ऐन हंगामांत नौका बंदरांत अडकवून ठेवल्या, तेव्हां केवळ एका वर्षावरून शेवटचा निष्कर्ष काढणें रास्त नव्हे. पण वादळ निवळतें. पिल्लें धरण्याची संवय तशी निवळत नाहीं. मोठा मासा मिळाला नाहीं तर लहान विकून हप्ता भागवावा लागतो. तळहाताएवढें पापलेट आज थोडक्या पैशाला जातें. तेंच वाढलें असतें तर कितीतरी पट किंमत आलीं असती, आणि त्यापूर्वीं अंडींहि घातलीं असतीं. खाण्यालायक नसलेलीं पिल्लें खतासाठीं आणि कोंबड्यांच्या खाद्यासाठीं वजनावर विकलीं जातात. व्याजापायीं बियाणेंच बाजारांत जावें, तसाच हा प्रकार.

कायदे नाहींत असें नाहीं. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमनाचा अधिनियम १९८१ सालचा आहे. २०१६ सालीं राज्य सरकारनें पर्ससीन जाळ्यांवर क्षेत्राचे आणि हंगामाचे निर्बंध घातले. २०१७ सालीं केंद्र सरकारनें प्रखर एलईडी दिव्यांनीं मासे गोळा करून पकडण्यास बंदी केली. २०२३ सालीं पापलेटाला राज्यमाशाचा मान मिळाला, आणि त्याच वर्षीं ५४ जातींच्या मासळीची किमान लांबी ठरवून देण्यांत आली. पापलेटासाठीं ती १३५ मिलिमीटर आहे. परंतु राज्याचा अधिकार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, आणि मासा ती रेषा ओळखीत नाहीं. शेजारच्या राज्यांतील नौकाहि त्याच्या मागोमाग येतात. मालवणच्या किनाऱ्यावर पारंपरिक रांपणकार आणि यांत्रिक नौकावाले यांचे जे तंटे पेटले, त्यांचें मूळ याच ओढाताणींत आहे.

या ओढाताणीचें साधें उदाहरण पावसाळी बंदीचें. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रनौकांनीं समुद्रांत जाऊं नये असा नियम. कोळ्यांची जुनी रीत याहून कडक होती. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावांचून होड्या लोटीत नसत. ही पौर्णिमा बहुधा ऑगस्टांत येते. आतां १ ऑगस्टला जो पौर्णिमेची वाट पाहत थांबेल, त्याच्या वांट्याची मासळी दुसरा घेऊन येईल, आणि सावकाराचें व्याज तर पंचांग पाहून चालत नाहीं. म्हणून ज्यांना रीत मोडावयाची नव्हती, तेहि खवळलेल्या समुद्रांत उतरतात.

धाराशिवच्या बाजारांतील बोंबलाची गोष्ट याहून थोडी निराळी. ओल्या बोंबलाच्या वजनांत दहांपैकीं जवळजवळ नऊ भाग पाणी असतें. वर्सोवा, अर्नाळा येथील कोळिणी दोन दोन बोंबील जबड्यांत जबडा अडकवून बांबूंच्या मांडणीवरील दोऱ्यांवर टांगतात आणि उन्हावर सुकवितात. थांबवून ठेवतां येण्याजोगी मासळी ती हीच. कोळ्याच्या घरचें पेव म्हणावें तें हेंच. पण बोंबील वाळत असतांना अवकाळी पावसाची एक सर आली, तर दोरीवरचा माल कुजतो. त्याचें डिझेल मात्र आधींच जळून गेलेलें असतें.