मराठाकालीन टांकसाळी

मराठाकालीन टांकसाळी म्हणजे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मराठी सत्तेच्या प्रदेशात नाणी पाडणारी केंद्रे होत. नाण्यावरील गावाचे नाव आणि ते नाणे प्रत्यक्षात जेथे पाडले गेले ती जागा यांचा मेळ घालणे, हा या विषयाच्या अभ्यासातील मुख्य प्रश्न आहे.

आरंभ

इ.स. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन व तांब्याची शिवराई ही नाणी सुरू केली. त्यांवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी देवनागरी अक्षरे आहेत. टांकसाळीचे नाव नाही. त्याच वर्षी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन याने आपली नाणी स्वराज्यात चालावीत, अशी मागणी केली. कोणत्याही नाण्यास मनाई नाही, परंतु ज्यात रयतेचे नुकसान होईल असे नाणे घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे महाराजांचे उत्तर होते. नाण्याची किंमत त्यातील धातूच्या वजनावर व कसावर ठरावी, हे तत्त्व त्यात दिसते.

पेशवेकाळ

अठराव्या शतकात मराठी मुलखातील रुपये बहुधा मोगल बादशहाच्या नावाने व फारसी लिपीत पाडले जात. पुणे, चिंचवड, नाशिक, चांदवड, बागलकोट, मिरज इत्यादी ठिकाणी टांकसाळी होत्या. अनेक टांकसाळी सरकारी परवान्याने सोनार व सराफ चालवीत. न्या. महादेव गोविंद रानडे यांनी १८९९ मध्ये पेशवे दप्तराच्या आधारे या व्यवस्थेची माहिती मांडली.

टांकसाळी अनेक असल्याने रुपयाचा कस व वजन सारखे नसे. पुण्याहून मावळातून, आजच्या मळवली–लोणावळ्याच्या परिसरातून, बोरघाटाने कोकणात उतरणाऱ्या व्यापाऱ्याला एका मुलखाचा रुपया दुसऱ्या मुलखात देताना बट्टा सोसावा लागे. हा बट्टा सराफ ठरवीत.

स्थाननिश्चिती

मोगल परंपरेतील नाण्यांवर गावाचे अधिकृत नाव येते. पुण्याच्या रुपयावर ‘मुहियाबाद पुणे’ असे आहे. औरंगजेबाचा नातू येथे वारल्यावर त्याच्या नावावरून शहराला हे नाव देण्यात आले होते. त्याचप्रमाणे ‘गुलशनाबाद’ म्हणजे नाशिक, ‘मुर्तजाबाद’ म्हणजे मिरज आणि ‘जाफराबाद उर्फ चांदोर’ म्हणजे चांदवड.

वाचन मात्र सोपे नसते. ठसा धातूच्या चकतीपेक्षा मोठा असल्याने लेखाचा काही भाग चकतीबाहेर जातो, आणि अनेकदा नेमके गावाचेच नाव अपुरे उमटते. अशा वेळी चिन्ह उपयोगी पडते. उदाहरणार्थ, पुण्याचा ‘अंकुशी’ रुपया त्यावरील अंकुशामुळे ओळखला जातो. तथापि नाव पूर्ण असले तरी तेवढ्यावर विसंबता येत नाही. इंग्रजांनी मुंबईत पाडलेल्या कित्येक रुपयांवर सुरतेचे नाव व शाहआलम बादशहाचे ४६ वे राज्यवर्ष तसेच पुढे चालू ठेवलेले आढळते. म्हणून लेख, चिन्ह, दप्तरातील नोंद आणि नाणे सापडल्याची जागा ही सर्व एकत्र पाहावी लागतात.

इंग्लंडमधील व्यवस्थेशी तुलना

इंग्लंडमध्येही प्रारंभी अनेक गावी नाणी पाडली जात. अ‍ॅथेल्स्टन राजाच्या (दहावे शतक) कायद्यात कँटरबरी, लंडन, विंचेस्टर आदी ठिकाणी किती टंकक असावेत, हे ठरवलेले होते. १६९६ मध्ये झिजलेली व कातरलेली चांदीची नाणी बदलण्यासाठी ब्रिस्टल, चेस्टर, एक्सेटर, नॉर्विच व यॉर्क येथे तात्पुरत्या टांकसाळी उघडल्या. त्यांच्या नाण्यांवर गावाचे आद्याक्षर असल्याने स्थान ओळखणे सोपे जाते. काम संपताच १६९८ मध्ये त्या बंद झाल्या.

अस्त

१८१८ नंतर इंग्रजांनी स्थानिक टांकसाळी हळूहळू बंद केल्या. १८३५ च्या कायद्याने १८० ग्रेन वजनाचा कंपनी रुपया सर्वत्र प्रमाण ठरला. जुने रुपये मोठ्या प्रमाणावर वितळवले गेले. शिवराई मात्र पुढेही बराच काळ व्यवहारात राहिली.

जतन

टांकसाळींच्या वास्तू फारशा उरल्या नसल्याने जमिनीत सापडणारे नाणेसाठे हा महत्त्वाचा पुरावा ठरतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा साठा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. साठा परस्पर विकला किंवा आटवला गेला, तर त्याची चांदी उरते. पण ती नाणी कोठे व कोणत्या नाण्यांसोबत सापडली, ही माहिती कायमची नष्ट होते. नाशिकजवळ अंजनेरी येथे १९८० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय नाणेशास्त्र संशोधन संस्थेत अशा नाण्यांचा अभ्यास चालतो.