पैसे सोडवून देणारे

गेल्या वेळी सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकाविषयी लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांतल्या एकाचं उत्तर थांबवून ठेवण्यासारखं नाही, कारण तेवढ्या वेळात पत्र लिहिणाऱ्याचे आणखी पैसे जायचे. टेलिग्रामवर एका ‘रिकव्हरी’वाल्याने त्यांना गाठलं आहे. त्यांचे फसवणुकीत गेलेले यूएसडीटी (डॉलरशी बांधलेली क्रिप्टो नाणी) कोणत्या दिवशी कोणत्या पत्त्यावर गेले, हे त्याने बिनचूक सांगितलं. रक्कम सापडली आहे, पण ती सोडवायला आधी पाच टक्के भरावे लागतील, आणि तेही परत मिळणारी अनामत म्हणून, असं त्याचं म्हणणं. भरावेत का? भरू नयेत. ‘अशांपासून सावध राहा’ हे सगळेच सांगतात आणि तरीही माणसं पैसे भरतात, म्हणून एका ओळीवर थांबत नाही. हा माणूस पैसे परत आणण्याच्या स्थितीतच नाही, हे यंत्रणेच्या रचनेवरून पटलं तरच हात आखडतो.

बिटकॉइन असो की ट्रॉन या नेटवर्कवरचं यूएसडीटी, वॉलेटमध्ये नाणं असं काही नसतं. हजारो संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या खातेवहीतली ती एक नोंद असते, आणि ती एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवायची तर पहिल्या पत्त्याच्या प्रायव्हेट कीने केलेली सही लागते. ही की म्हणजे ७८ अंकांपर्यंत जाणारी एक संख्या. जगातले सगळे संगणक जुंपले तरी ती अंदाजाने सापडणार नाही. ‘आमचे एथिकल हॅकर चोराचं वॉलेट फोडतात’ या दाव्याची परीक्षा त्यामुळे सोपी आहे. कोणत्या पत्त्यावर किती बिटकॉइन आहेत हे कोणालाही पाहता येतं, आणि वर्षानुवर्षं न हललेले, अफाट रकमेचे पत्तेही त्यात उघड दिसतात. ज्याला की फोडता येते तो ते सोडून तुमच्या पाच टक्क्यांसाठी टेलिग्रामवर ताटकळत का बसेल?

मग ज्यांचे पैसे परत आले ते कसे आले? मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या कलोनियल पाइपलाइन कंपनीने खंडणी म्हणून ७५ बिटकॉइन दिले. महिन्याभरात त्यातले ६३.७ परत जप्त झाले, कारण ते ज्या पत्त्यावर पोचले होते त्याची की एफबीआयच्या हाती आली होती. बिटफिनेक्स या एक्स्चेंजमधून २०१६ साली १,१९,७५४ बिटकॉइन चोरीला गेले. २०२२ मध्ये त्यातले ९४ हजारांहून जास्त जप्त झाले, तेव्हा सर्च वॉरंट घेऊन आरोपीचं क्लाउडवरचं खातं उघडलं गेलं होतं आणि तिथल्या फाइलीत कीज होत्या. दोन्हीकडे की फुटली नाही, की मिळाली. दुसरा मार्ग यूएसडीटीसारख्या नाण्यांचा. यूएसडीटी टेथर ही कंपनी काढते आणि एखादा पत्ता गोठवण्याचा अधिकार तिने आपल्या प्रणालीतच राखून ठेवला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आग्नेय आशियातल्या टोळ्यांशी जोडलेले २२.५ कोटी डॉलरचे यूएसडीटी तिने असेच गोठवले, अमेरिकी न्याय विभागाच्या तपासाला साहाय्य म्हणून. बिटकॉइनला अशी मालक कंपनी नाही, त्यामुळे ही सोय यूएसडीटीसारख्या नाण्यांत बुडालेल्यांनाच आहे, तीही माल दुसऱ्या नाण्यात बदलला जाण्याआधी. तिसरा मार्ग एक्स्चेंजचा. चोराला शेवटी रुपये किंवा डॉलर हवे असतात, म्हणून माल कुठल्या तरी एक्स्चेंजवरच्या खात्यात येतो आणि त्या खात्यामागे केवायसी असतं. मार्च २०२३ पासून भारतातली एक्स्चेंजेस मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या कक्षेत आहेत. ग्राहकाची ओळख पटवणं आणि नोंदी ठेवणं त्यांना बंधनकारक आहे.

इथे एक आडवळण घेतो, कारण ‘नेटवर्कच व्यवहार उलटवू शकत नाही का?’ हा प्रश्न हमखास येतो. एकदा उलटवला होता. जून २०१६ मध्ये इथेरियमवरच्या ‘द डाओ’ नावाच्या निधीतून सुमारे ३६ लाख ईथर निघून गेले, आणि जुलैमध्ये बहुसंख्यांनी ठरवून खातेवहीच अशी बदलली की ते मूळ गुंतवणूकदारांना परत घेता यावेत. ज्यांना हे मान्य नव्हतं ते जुनी वही तशीच चालवत राहिले. तिलाच आज इथेरियम क्लासिक म्हणतात. एका चोरीपायी अख्ख्या नेटवर्कचे दोन तुकडे झाले. असा उद्योग कोणी तुमच्या-माझ्या काही लाखांसाठी करणार नाही आणि करूही नये, असं माझं मत आहे.

आता मूळ मुद्दा. वॉरंट, टेथरला जाणारं पत्र, एक्स्चेंजला जाणारी नोटीस, या तिन्ही गोष्टी तपास यंत्रणेच्या किंवा न्यायालयाच्या हातच्या आहेत. पैसे घेऊन काम करणाऱ्या खासगी माणसाला यातलं एकही दार आपल्या बळावर उघडता येत नाही. यावर म्हणाल, माग काढणाऱ्या कंपन्या तर खऱ्याच असतात. असतात. चेनॅलिसिससारख्या कंपन्यांची साधनं तपास यंत्रणा वापरतात, आणि मोठ्या रकमेसाठी चांगल्या विश्लेषकाचा अहवाल तक्रारीला जोडला तर त्याचा उपयोगही होतो. पण त्या अहवालात माल कुठे गेला एवढंच असतं. माल परत आणण्याची हमी देतो त्याच क्षणी विश्लेषक संपतो आणि भामटा सुरू होतो. ‘पण त्याला माझी रक्कम, तारीख, पत्ता सगळं ठाऊक होतं!’ ठाऊक असणारच. फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, कधी पहिलीच टोळी नाव बदलून परत येते, आणि पत्ता कळला की पुढचा प्रवास ब्लॉकचेनवर फुकट वाचता येतो. वकिलांच्या नावानेही हेच चालतं. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२४ या वर्षभरात बनावट लॉ फर्म्सनी आधीच क्रिप्टोत बुडालेल्यांना आणखी ९९ लाख डॉलरना लुबाडल्याच्या तक्रारी एफबीआयकडे आल्या होत्या.

सगळ्यांत वजनदार आक्षेप पोलिसांविषयीचा आहे, आणि महाराष्ट्रात तो घेणाऱ्याला पुण्याचं उदाहरण तोंडपाठ असतं. गेनबिटकॉइन या योजनेने १८ महिने दरमहा १० टक्के देऊ म्हणून बिटकॉइन गोळा केले आणि पुढे एमकॅप नावाचं घरचंच नाणं लोकांच्या हातावर ठेवलं. सूत्रधार अमित भारद्वाजला २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी पकडलं. २०२२ च्या जानेवारीत तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये त्या तपासात पोलिसांना मदत करणारे दोन तज्ज्ञच अटकेत गेले. आरोपींच्या वॉलेटमधली नाणी स्वतःकडे वळवली आणि शिल्लक कमी दिसेल असे स्क्रीनशॉट तयार केले, असा त्यांच्यावर आरोप आहे. हे वाचून कोणाचा विश्वास उडाला तर त्याला दोष देता येत नाही. पण यातून निष्कर्ष काय निघतो? ज्यांचं नाव, पत्ता, नेमणूक सगळं कागदावर होतं त्यांच्याबाबत ही शंका आली आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल होऊ शकला. टेलिग्रामवरच्या निनावी माणसाने गडप केलं तर कोणाला धरणार? शिवाय प्रकरण तिथे संपलं नाही. तपास पुढे सीबीआयकडे गेला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये देशभरच्या छाप्यांत २३.९४ कोटी रुपयांची क्रिप्टो जप्त झाली. एकूण बुडिताच्या मानाने ती फार थोडी आहे, हे खरंच. तरी जप्त माल वाटायची वेळ येते तेव्हा हक्क सांगता येतो तो ज्याची तक्रार आणि पुरावा नोंदलेला आहे त्यालाच. जपानचं माउंट गॉक्स २०१४ मध्ये बुडालं आणि बिटकॉइनच्या रूपातली परतफेड जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. ती मिळाली दावा दाखल केलेल्यांना.

‘क्रिप्टो बेकायदा आहे, तक्रार केली तर आपणच अडकू’ ही भीती रिकव्हरीवाले मुद्दाम घालतात. रिझर्व्ह बँकेचं बँकांना मनाई करणारं परिपत्रक सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्येच रद्द केलं, आणि २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता असल्याचं म्हटलं. सरकार ज्याच्या नफ्यावर ३० टक्के कर घेतं ते बाळगल्याबद्दल कोणी तुम्हाला तुरुंगात टाकत नाही. बँकेत गोठवलेली रुपयांतली रक्कम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मागता येते. वकील हवा तर इथे लावा, सनद असलेला, ज्याचं कार्यालय डोळ्यांनी पाहता येईल असा.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्यांनी त्या माणसाला ब्लॉक करण्याची घाई करू नये. आधी त्याचा क्रमांक, युजरनेम आणि सगळं संभाषण जपून ठेवावं. सीड फ्रेज, म्हणजे वॉलेट उघडून देणारे शब्द, त्याला देऊ नये, त्याच्या लिंकला वॉलेट जोडू नये, त्याने सांगितलेलं स्क्रीन शेअरिंगचं ॲप घेऊ नये. पाच टक्के कुठे पाठवायचे म्हणून त्याने जो यूपीआय आयडी किंवा वॉलेटचा पत्ता दिला असेल, तो सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवरच्या आपल्या जुन्या तक्रारीचा क्रमांक सांगून तपास अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. टोळी एकच असेल तर पहिल्या चोरीचा माल आणि इतरांनी भरलेली अशी ‘अनामत’ पुढे एकाच पत्त्यावर येण्याची शक्यता असते, आणि तसं झालं तर ते ब्लॉकचेनवर पुसता येत नाही.