नेत्रदाबाची नोंद आणि डॉक्टर-रुग्ण संवाद : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना : १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याच्या विभाजनातून पालघर जिल्हा अस्तित्वात आला. एकीकडे बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत व १९६९ पासूनचे अणुविद्युत केंद्र, तर दुसरीकडे जव्हार-मोखाड्याचे आदिवासी पाडे, असे त्याचे दुहेरी स्वरूप आहे. काचबिंदू मात्र दोन्हीकडे सारखाच निःशब्द असतो. नावातील साम्यामुळे त्याची मोतीबिंदूशी गल्लत होते आणि ‘पिकल्यावर पाहू’ म्हणून तपासणी लांबते. मोतीबिंदूमुळे मंदावलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत मिळते. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही.

दाबाचे स्वरूप : डोळ्यात तयार होणाऱ्या द्रवाचा निचरा मंदावला की दाब वाढतो व मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेस इजा होऊ शकते. सर्वसाधारण दाब १० ते २१ मि.मी. पारा मानला जातो. तो दिवसभर एकसारखा नसतो. झोप आणि आडवे पडणे यांचाही त्यावर परिणाम होतो. म्हणून पाळीत काम करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत मोजणीची वेळ व आदल्या रात्रीची पाळी नोंदविणे उपयुक्त ठरते. कॉर्निया पातळ असल्यास दाब प्रत्यक्षाहून कमी दिसू शकतो. दाब २१ च्या आत असूनही काचबिंदू होऊ शकतो. त्यामुळे शिबिरातील एकच आकडा निर्णायक नव्हे.

धोका व आजार : २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात, दाब अधिक परंतु इजा नसलेल्या १,६३६ व्यक्तींचा मागोवा घेण्यात आला. पाच वर्षांत काचबिंदू होण्याची शक्यता उपचार घेणाऱ्यांत ४.४ टक्के, तर इतरांत ९.५ टक्के आढळली. म्हणजे उपचाराने धोका निम्म्याहून कमी झाला. तथापि वाढलेला दाब म्हणजे आजारच, असेही नव्हे. डॉक्टरांनी हा भेद सोप्या मराठीत सांगणे अगत्याचे आहे; अन्यथा रुग्ण एकतर घाबरतो किंवा थेंब सोडून देतो.

निष्कर्ष : रुग्णाने वहीत तारीख, वेळ, दोन्ही डोळ्यांचा दाब व थेंबांचे नाव नोंदवावे. घरातील काचबिंदूचा इतिहास आणि स्टेरॉइड औषधांचा वापर आपणहून सांगावा. दृष्टिचेतेची स्थिती, दृष्टिक्षेत्र, अपेक्षित दाब व पुढील तपासणीची तारीख विचारावी. डॉक्टर बदलला तरी वही सोबत राहते. दृष्टिरक्षणाचे हे अल्पखर्चिक साधन होय.