चार शिरांच्या तोंडाशी

मनगटावर बोटं ठेवून नाडी पाहताना पुढचा ठोका कधी पडणार, हे बोटांना आधीच कळत असतं. एट्रिअल फिब्रिलेशन जडलेल्या माणसाच्या नाडीत नेमका हाच अंदाज हरवतो. दोन ठोके घाईने येतात, तिसरा रेंगाळतो, एखादा इतका क्षीण असतो की बोटांना लागतच नाही. म्हणून छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजलेले ठोके मनगटावरच्यापेक्षा जास्त भरतात. कुणाला धडधडतं, कुणाला जिना चढताना दम लागतो. कित्येकांना काहीच जाणवत नाही. भलत्याच कारणासाठी काढलेल्या ईसीजीत विकार सापडतो.

या विकारात हृदयाच्या वरच्या कप्प्यांत मिनिटाला 350 ते 600 विद्युत-लहरी उसळतात आणि ते कप्पे आकुंचन न पावता नुसते थरथरतात. एव्ही नोड नावाची मधली गाठ त्यातल्या बऱ्याच लहरी अडवते, म्हणून खालचे कप्पे निभावून नेतात. सुनाओ तावारा या जपानी संशोधकाने जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये काम करून 1906 मध्ये या गाठीचं वर्णन केलं. थरथर सुरू कुठून होते, हे उमगायला मात्र आणखी नव्वद वर्षं गेली.

फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल आयसागेर आणि सहकाऱ्यांनी 45 रुग्णांच्या हृदयात कॅथेटर घालून आगंतुक ठोक्यांची उगमस्थानं शोधली. 1998 मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले: 69 पैकी 65 जागा कप्प्यांत नव्हत्याच! त्या होत्या फुफ्फुसांतलं शुद्ध रक्त हृदयाकडे आणणाऱ्या शिरांत. सहसा चार असणाऱ्या या शिरांच्या तोंडाशी हृदयाचा स्नायू सदऱ्याच्या बाहीसारखा काही सेंटिमीटर आत गेलेला असतो. आजचं अ‍ॅब्लेशन याच शोधावर उभं आहे. जांघेतल्या शिरेतून कॅथेटर वर नेतात, वरच्या कप्प्यांमधला पडदा भेदून डावीकडे जातात आणि शिरांच्या तोंडाभोवती उष्णतेने किंवा अतिथंडीने वर्तुळाकार व्रण करतात. व्रणातून वीज वाहत नाही. शिरांतल्या लहरी शिरांतच राहतात. काहींना ही प्रक्रिया पुन्हा करावी लागते.

पण ती करायची कधी? त्याआधी शेळ्यांकडे वळायला हवं. 1995 मध्ये नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या संशोधकांनी शेळ्यांच्या हृदयात यंत्राने वारंवार फिब्रिलेशन घडवलं. सुरुवातीला ते काही सेकंदांत आपोआप थांबे. पुढे दिवस उलटला तरी थांबेना. हा विकार स्वतःच स्वतःला पोसतो, असं त्यातून दिसलं. तरीही 2002 मध्ये 4060 रुग्णांच्या अ‍ॅफर्म चाचणीत लय पूर्ववत करण्याने आयुष्य वाढलं नाही, तेव्हा अनेक डॉक्टर 'नुसती गती आवरा' या मताकडे झुकले. 2020 च्या ईस्ट चाचणीत 2789 रुग्ण होते, तेही निदानाला फारसा काळ न झालेले. त्यांच्यात लवकर लय सावरल्याने हृदयविकारी मृत्यू, पक्षाघात वगैरेंचं एकत्रित प्रमाण घटलं. शेळ्यांनी हे पंचवीस वर्षं आधी सुचवलं होतं, असं मला वाटतं.

लयीचा निर्णय असा त्रास, वय आणि विकाराचं जुनेपण पाहून घ्यायचा. गुठळीचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि घोळ होतो तो इथेच. डाव्या कप्प्याला लागून असलेल्या छोट्या पिशवीत रक्त साकळतं, गुठळी सुटून मेंदूत जाते; या विकाराने पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. रक्त पातळ ठेवणारी गोळी वय, रक्तदाब, मधुमेह, आधीचा पक्षाघात यांवरून ठरते, धडधडीवरून नव्हे. त्यामुळे धोका जास्त असेल तर अ‍ॅब्लेशन यशस्वी होऊनही ती चालू राहते. 'आता बरं वाटतंय' म्हणून परस्पर गोळी सोडणं महागात पडू शकतं.

नव्या गोळ्यांना वारंवार रक्ततपासणी लागत नाही. पण आपल्याकडे संधिवाताच्या तापाने झडप अरुंद झालेले रुग्ण पुष्कळ, आणि त्यांच्यासाठी जुनं वॉरफरिनच सरस. 24 देशांतल्या इन्व्हिक्टस चाचणीत 2022 मध्ये वॉरफरिनसारख्या औषधांवरच्या गटात मृत्यू कमी आढळले. वॉरफरिन घेताना आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा तपासणीतला आकडा, सहसा 2 ते 3 च्या दरम्यान ठेवतात. त्यासाठी मेथी-पालक बंद करायची गरज नसते, प्रमाण सारखं ठेवावं लागतं. पावसाळ्यात पालेभाज्यांचा सपाटा लागला की त्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे आयएनआर खाली येऊ शकतो, आणि लांबलेल्या उपवासांत भाजी ताटातून गेली की वर चढू शकतो.