वॉल्सिंगहॅम : यात्रेकरूंनी मुक्काम कोठे करावा?

मुले इंग्लंडमध्ये स्थायिक झाली की गावाकडील आईवडील आयुष्यात एकदा तरी त्यांच्याकडे जाऊन येतात. आपल्या धर्मग्रामांतील कित्येक कुटुंबांचा हा अनुभव आहे. लंडन पाहून होते, नातवंडांचे कौतुक होते आणि परतीचे दिवस जवळ आले की पवित्र मरियेच्या तीर्थस्थानी जाण्याची इच्छा व्यक्त होते. मग एखाद्या शनिवारी पहाटे मोटारीने सुमारे तीन तासांचा प्रवास करून मंडळी नॉरफोक परगण्यातील वॉल्सिंगहॅम येथे पोहोचतात, दुपारच्या मिस्साबलिदानात सहभागी होतात, मेणबत्ती लावतात, छायाचित्रे काढतात आणि अंधार पडण्यापूर्वी लंडनची वाट धरतात. वृद्ध मातापित्यांना पुन्हा हा योग येईलच असे नाही. म्हणून आम्ही आग्रहाने सुचवू इच्छितो की वॉल्सिंगहॅमला किमान एक रात्र मुक्काम करावा. तो कोठे करावा, याची माहिती येथे देत आहोत.

मुक्कामाचा आग्रह धरण्यामागे कारण आहे. हे गाव मुळी यात्रेकरूंना आसरा देण्यासाठीच वाढले. परंपरेनुसार सन १०६१ मध्ये रिचेल्डिस द फेव्हर्शेस नावाच्या एका धर्मशील स्त्रीला पवित्र मरियेने दर्शन दिले आणि देवदूताने जेथे मरियेला शुभवार्ता सांगितली, त्या नाझरेथच्या घराची प्रतिकृती येथे उभारण्यास सांगितले. या पवित्र घरामुळे वॉल्सिंगहॅमला ‘इंग्लंडचे नाझरेथ’ हे नाव मिळाले. बाराव्या शतकात येथे ऑगस्टिनियन धर्मबंधूंचा मठ स्थापन झाला. त्यानंतर राजेरजवाड्यांपासून गोरगरिबांपर्यंत सर्वांची येथे रीघ लागली. तिसरा हेन्री आला, आणि ज्याने पुढे या स्थानाचा नाश घडवून आणला तो आठवा हेन्रीसुद्धा १५११ मध्ये येथे अनवाणी आला होता! इतक्या लोकांना जेवू घालायचे, झोपायला जागा द्यायची, घोडी बांधायची, या गरजेतून सराया, खानावळी व दुकाने यांचे हे छोटे नगर उभे राहिले.

मुक्कामाच्या जागेवरून येथे एकदा वादही झाला होता. लेडी एलिझाबेथ द बर्ग या धनाढ्य विधवेने १३४७ मध्ये फ्रान्सिस्कन धर्मबंधूंना येथे मठ उभारण्यास जागा देऊ केली, तेव्हा ऑगस्टिनियन मठाने तिच्याकडे लेखी विरोध नोंदवला. फ्रान्सिस्कनांमुळे यात्रेकरू व त्यांची दाने तिकडे वळतील, ही त्यांची भीती होती. फ्रान्सिस्कन मठ झालाच. आज त्याचे जे भग्नावशेष उभे आहेत, त्यांत त्यांच्या अतिथिगृहाच्या भिंती ठळकपणे दिसतात. प्रार्थनास्थळ नाहीसे व्हावे आणि पाहुण्यांची खोली टिकावी, हे आम्हाला फार बोलके वाटते.

राजाज्ञेला विरोध करण्याच्या कटात सामील असल्याच्या आरोपावरून १५३७ मध्ये ऑगस्टिनियन मठाचे उपप्रमुख निकोलस माइलहॅम यांना देहदंड देण्यात आला. पुढच्याच वर्षी मठ बंद झाला, पवित्र घर नष्ट झाले आणि मरियेची मूर्ती लंडनला नेऊन जाळण्यात आली. यात्रेकरू थांबले. त्यानंतर गावाची पूर्वीसारखी भरभराट झाली नाही. कदाचित म्हणूनच मोठमोठ्या नव्या इमारतींसाठी जुनी घरे पाडण्याचा प्रसंगही फारसा आला नसावा. मधल्या रस्त्याने चालताना आजही वरचा मजला पुढे झुकलेली, काळ्या लाकडी सांगाड्याची घरे दिसतात. काहींच्या पुढल्या भिंतींना नंतर विटांचा मुलामा दिलेला आहे, पण आत जुनेच लाकूड आहे.

आता राहण्याच्या जागांकडे वळू. कॅथलिक यात्रेकरूंनी प्रथम विचारणा करावी ती कॅथलिक तीर्थस्थानाच्या यात्रेकरू निवासाकडे. हे निवासस्थान गावाच्या मध्यभागी, फ्रायडे मार्केट नावाच्या चौकाजवळ आहे आणि अनेक वर्षे ‘एल्महॅम हाऊस’ या नावाने ओळखले जात असे. येथे हॉटेलसारखी चैन अपेक्षू नये. त्याच चौकात २००७ मध्ये उघडलेले आपले धर्मग्रामाचे चर्च आहे, ही मोठी सोय होय. गुडघे दुखणाऱ्या आजीलासुद्धा सकाळच्या प्रार्थनेला कोणाच्या आधाराविना जाता येते.

दुसरी मोठी सोय अँग्लिकन तीर्थस्थानाची आहे. येथे थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे, कारण आपले लोक नेमके याच ठिकाणी गोंधळतात. वॉल्सिंगहॅममध्ये मरियेची दोन तीर्थस्थाने आहेत. अँग्लिकन धर्मगुरू अल्फ्रेड होप पॅटन यांनी १९२२ मध्ये गावच्या चर्चमध्ये मरियेची मूर्ती बसवली आणि १९३१ मध्ये पवित्र घर पुन्हा बांधून घेतले. ते गावातच असल्यामुळे प्रथम तेच नजरेस पडते. तेथील उपासना, धूप, मेणबत्त्या, जपमाळ हे सारे इतके आपल्यासारखे आहे की नवख्याला आपण कॅथलिक चर्चमध्येच आहोत असे वाटते. त्यांच्या आवारात यात्रेकरूंसाठी खोल्या, भोजनगृह व सुंदर बाग आहे, आणि इतर पंथीयांचेही तेथे स्वागत होते. तेथे राहण्यास, प्रार्थना करण्यास, विहिरीचे पाणी घेण्यास काहीच हरकत नाही. मात्र कम्युनियन घेण्यासाठी आपल्या मिस्सेलाच जावे. दोन्ही तीर्थस्थानांमध्ये आज सलोखा आहे, तेव्हा हा भेद नम्रपणे पाळावा, त्याचा गवगवा करू नये.

ज्यांना हॉटेलच हवे त्यांच्यासाठी फ्रायडे मार्केटमध्येच ‘ब्लॅक लायन’ हे जुने विश्रामगृह आहे. खाली पब व खानावळ, वर खोल्या, अशी ही खास इंग्रजी पद्धत आहे. शनिवारी रात्री खालून थोडा गलबला ऐकू येणारच. याखेरीज गावात काही घरमालक ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ पद्धतीने खोल्या देतात. सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. जुन्या घरांचे जिने अरुंद व उभे असतात, दारे ठेंगणी असतात आणि लिफ्ट बहुधा नसते. म्हणून वडीलधाऱ्यांसाठी तळमजल्याची खोली मिळेल का, स्नानगृह स्वतंत्र आहे का सामायिक, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे. अशा खेड्यांत रात्रीचे जेवण लवकर आटोपते. उशिरा पोहोचणाऱ्यांनी शिदोरी बरोबर ठेवलेली बरी.

गावात जागा न मिळाल्यास निराश होऊ नये. दक्षिणेला सुमारे ८ किलोमीटरवर फेकनहॅम हे बाजाराचे गाव आहे, उत्तरेला साधारण तेवढ्याच अंतरावर वेल्स हे समुद्रकाठचे छोटे बंदर आहे. लहान मुले बरोबर असतील तर वेल्स बरे. लांबलचक वाळूचा किनारा आहे, आणि १९८२ मध्ये सुरू झालेली एक चिमुकली आगगाडी मोसमात वेल्सहून वॉल्सिंगहॅमला नेते. मोठ्या आगगाडीचे वॉल्सिंगहॅम स्टेशन मात्र १९६४ मध्येच बंद झाले. त्या इमारतीत पुढे ऑर्थोडॉक्स पंथीयांचे चिमुकले चर्च झाले! जवळच ‘ग्रेट स्नोरिंग’ नावाचे खेडे आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘मोठे घोरणे’ असा होत असला तरी नाव पडले ते एका प्राचीन सॅक्सन पुरुषावरून. तेथे मुक्काम करणाऱ्यांनी घरच्यांच्या विनोदाची तयारी ठेवावी. आणखी एक सूचना : पत्ता नीट पाहून घ्यावा. तीर्थस्थानाचे गाव ‘लिटल वॉल्सिंगहॅम’ आहे. ‘ग्रेट वॉल्सिंगहॅम’ हे शेजारचे गाव नावाने थोर असले तरी आकाराने लहान आहे.

स्वतःची मोटार नसलेल्यांनी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून किंग्ज लिन येथे आगगाडीने जावे आणि तेथून फेकनहॅममार्गे बसने पुढे. खेड्यातील बस शहरासारखी दर दहा मिनिटांनी येत नाही, रविवारी तर विशेष चौकशी करून निघावे.

केव्हा जावे, यावर मुक्काम मिळणे पुष्कळसे अवलंबून आहे. मे महिन्याच्या अखेरीस अँग्लिकन राष्ट्रीय यात्रा असते, जुलैत सिरो-मलबार समाजाची मोठी यात्रा भरते. तमिळ कॅथलिकही हजारोंच्या संख्येने येतात. त्या गर्दीत साड्या, मल्याळम गीते व केळीचे वेफर्स पाहून आपण इंग्लंडमध्ये आहोत की वेलंकणीला, असा प्रश्न पडावा. ऑगस्टमध्ये स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या आसपास आणि २४ सप्टेंबरच्या वॉल्सिंगहॅम मातेच्या सणालाही खोल्यांची टंचाई असते. या दिवसांसाठी काही महिने आधी आरक्षण करावे. ज्यांना शांतता हवी त्यांनी फेब्रुवारीचा विचार करावा. थंडी कडक असते खरी, पण जुन्या मठाच्या भग्न कमानीभोवती हिमपुष्पांचे पांढरे गालिचे पसरलेले असतात. डिसेंबरात चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो, जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, हेही ध्यानात ठेवावे.

आपले राष्ट्रीय तीर्थस्थान गावात नाही. ते एक मैल दूर, हॉटन सेंट जाइल्स येथील ‘स्लीपर चॅपेल’मध्ये आहे. सुमारे १३४० मध्ये बांधलेले हे संत कॅथरिनचे छोटेसे चॅपेल. परंपरेनुसार यात्रेकरू येथे वहाणा काढून उरलेला मैल अनवाणी चालत. नावातला ‘स्लीपर’ मराठी वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. धर्मक्रांतीनंतर या चॅपेलचा गोठ्यासारखा व धान्याच्या कोठारासारखा वापर झाला. शार्लट बॉइड या स्त्रीने १८९६ मध्ये ते विकत घेऊन कॅथलिकांना परत मिळवून दिले. १९३४ मध्ये कार्डिनल बोर्न यांच्या नेतृत्वाखाली सुमारे दहा हजार यात्रेकरू येथे आले, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी या तीर्थस्थानाला बॅसिलिकेचा दर्जा दिला.

हा मैलभराचा रस्ता चालायला मिळणे, हाच गावात मुक्काम करण्याचा खरा लाभ होय. दिवसभरासाठी आलेला यात्रेकरू मोटार थेट चॅपेलच्या वाहनतळावर उभी करतो. गावात राहिलेला मात्र सकाळी न्याहारी करून, जपमाळ हातात घेऊन, घाई न करता निघू शकतो. जुन्या लोहमार्गाच्या जागी झालेली पायवाट शेतांमधून जाते, तीवर मोटारींचा त्रास नाही. पावसानंतर चिखल होतो, म्हणून जाड तळव्यांचे बूट घालावेत. ज्यांना चालणे झेपत नाही त्यांना चॅपेलपर्यंत मोटारीने सोडावे आणि बाकीच्यांनी दुपारच्या मिस्सेपूर्वी तेथे त्यांना गाठावे.